पुढच्या रांगेतले दात

दाताच्या डॉक्टरकडे किस्से साठतात, त्याचं कारण अगदी साधं आहे. ज्याचा दात दुखतो त्याचं तोंड उघडं असतं, त्यामुळे त्याला बोलता येत नाही. मग सोबत आलेली माणसं बोलतात. आणि आपल्याकडे एका दातामागे तीन माणसं येतात. एक गाडी चालवायला, एक धीर द्यायला आणि एक "एवढा खर्चा कशाला" म्हणायला.

माझा दवाखाना वडीगोद्रीत, हायवेला लागून, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. मी मूळची आष्टीकडची. मदतीला मंदाताई आहेत. दाढ काढताना पेशंटचं डोकं धरायचं काम त्या इतक्या मायेनं करतात, की पेशंट माझं नाव विसरतो आणि त्यांना दिवाळीचा फराळ आणून देतो. हे किस्से मैत्रिणींना सांगितले की त्या पोट धरून हसतात. पहिले काही मीही हसत सांगते. पुढे पुढे तुझा आवाज चढतो, अशी नवऱ्याची तक्रार आहे. चढू दे.

एवढं आधी सांगायला हवं. आमच्याकडे कितीतरी गावं बोअरचं पाणी पितात. दिसायला ते काचेसारखं असतं, पण काही बोअरला फ्लोराईड जास्त लागतं. लहानपणी हिरडीच्या आत कायमचे दात घडत असतात, त्याच वेळी हे पाणी इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या थरात, खोट करून ठेवतं. दात बाहेर येतो तोच खडूसारखे पांढरे डाग घेऊन. पूर्वी अशा दाताला मशीन लावून कोरायचे आणि वर टोपी चढवायचे. आता सुई नाही, कोरणं नाही. ऍसिडची जेल लावून वरचा पापुद्रा मोकळा करायचा, स्पिरिटनं दात कोरडा करायचा, मग रेझिन, म्हणजे पाण्यासारखं पातळ प्लास्टिक, आत मुरू द्यायचं आणि निळ्या लाईटनं घट्ट करायचं. डाग दिसेनासा होतो. बरा होतो असं मी म्हणत नाही, दिसेनासा होतो म्हणते.

* * *

आमच्याकडे माणूस हसला की त्याचं गाव कळतं. एका मुलाचं लग्न जुळत होतं. गावाचं नाव सांगितलं की मुलीकडचे मागे सरतात, म्हणून त्यानं ठोकून दिलं, "आम्ही जन्मापासून जालन्यातच." चहा झाला, शेतीबाडी विचारून झाली. कोणीतरी काहीतरी विनोद केला आणि नवरदेव मनापासून हसला.

मुलीच्या मामानं कप खाली ठेवला. "जालन्याला तर पाणीच येत न्हाई पंधरा-पंधरा दिवस. मंग हे डाग कुठून आले?"

तिथून तो मुलगा थेट माझ्याकडे. डाग घालवले. दुसरं स्थळ आलं, तो पोटभर हसला, लग्न ठरलं. मुलगी चांगली शिकलेली. आता ती त्याच्या गावात राहते आणि तेच पाणी पिते. तिच्या दातांना काही होणार नाही, ते घडून झालेत. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. मी अभिनंदन केलं. बाळाचे दात अजून घडायचेत.

* * *

बारावी सायन्सचा एक मुलगा तपासायला आला. हुशार. जेलची ट्यूब हातात घेऊन त्यानं वरचं बारीक नाव वाचलं, मोबाईलवर शोधलं, "विचार करून येतो" म्हणाला आणि जिना उतरून गेला.

आला तो तिसऱ्या दिवशी, ओठ सुजून भाकरीएवढे झालेले. नावापुरतं ऍसिड तेच, हे त्याला मोबाईलनं बरोबर सांगितलं होतं. खालच्या हार्डवेअरच्या दुकानात फरशी धुवायचं तेच मिळतं, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. किती कडक, किती वेळ, कशानं झाकून, हे विचारायला त्याला कोणी सुचवलं नाही. कॉलेजात गॅदरिंग होतं आणि त्याला घाई होती.

मंदाताई खवळल्या. "कोण म्हणलं रे तुला आसं कराया?" त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं बोटानं माझ्याकडे दाखवलं.

ओठ बरे झाले. दाताची चकाकी गेली ती गेलीच. चार दिवसांनी खालचा दुकानदार वर आला. मला वाटलं, बिचारा हळहळायला आलाय. तो म्हणाला, "मॅडम, तुमी कोन्त्या कंपनीचं वापरता? मी बी तेच ठिवतो. गिऱ्हाईक विचारून राह्यलं."

* * *

स्पिरिटचीही एक गंमत असते. ते ओलं असेपर्यंत डाग दिसत नाही. उडून गेलं की परत दिसतो. त्यावरून आम्हाला अंदाज येतो, रेझिननं किती फरक पडेल.

जाफराबादकडची एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. नाकाला वास लागला तशा खुर्चीजवळ सरकल्या. "मॅडम, हे दारूतलंच है ना?"

"त्यातलंच म्हणा."

त्यांनी बघितलं, डाग गेला. बघत राहिल्या, डाग परत आला. मग म्हणाल्या, "आमच्या घरी बी आसंच है. पेले की म्हन्तात, उद्यापासून सगळं बराबर करतो. उतरली की हाये ते हाये."

दात कोरडा राहावा म्हणून लावलेला रबराचा पडदा तोंडात असतानाच मुलगी हसली. मंदाताई हसल्या, मी हसले. बाई हसल्या नाहीत.

* * *

आता अर्चनाचं सांगते. पहिल्यांदा आली तेव्हा दहावीत होती. हायवे सोडून आत गेलं की तिचं गाव. नाव सांगत नाही, अशी गावं पुष्कळ आहेत. वडील काळीपिवळी जीप चालवतात. सोबत आई होती आणि आईच्या कडेवर तीन वर्षांची बहीण, चिमी. अर्चना बोलताना तोंडावर हात धरायची. खुर्चीत बसल्यावर मी "आ कर" म्हटलं, तरी हात तिथंच.

त्या दातांवर राख, मीठ, कोळसा सगळं होऊन गेलं होतं. वर्गातल्या एका शिक्षकानं सगळ्यांपुढे विचारलं होतं, "घासत न्हाईस का गं?" त्या दिवशी तिनं घरी जाऊन जीपच्या डिकीतल्या पॉलिश पेपरनं दात घासले. हिरड्यांतून रक्त आलं, डाग तसेच. त्या शिक्षकाला मी कधी भेटले नाही, ते त्याच्या दृष्टीनं चांगलंच झालं.

या कामात एक टप्पा असा येतो, की दात पूर्ण कोरडा झाला की डाग पहिल्यापेक्षा जास्त पांढरे दिसतात. आम्हाला ते माहीत असतं. अर्चनाच्या आईला माहीत नव्हतं आणि त्या नेमक्या त्याच वेळी आत डोकावल्या.

"मॅडम, हे तर वाढले. र्‍हाऊ द्या, पुसून काढा. पहिल्यासारखं करून द्या, आमी जातो."

मी समजावतेय तोवर त्यांनी फोन लावला. "जल्दी या. लेकीचं तोंड खराब करून राह्यले इथं." वडील भरलेली जीप घेऊन निघाले होते, ती तशीच वळवून आणली. ते जिना चढून आले, त्यांच्यामागे सवारीही चढून आली. एक म्हातारी, दोन कॉलेजची पोरं, कोंबडी काखेत धरलेला एक माणूस, सगळे दारात. तोवर रेझिन मुरलं होतं. मी लाईट लावला, पुसलं, पडदा काढला. डाग नव्हते.

दारातून म्हातारी म्हणाली, "माझे बी करता का? जीप थांबलीच है तर."

अर्चनानं आरसा घेतला, बराच वेळ बघितलं. मग तिनं चिमीला जवळ ओढलं आणि तिचं तोंड उघडून मला दाखवलं. तांदळासारखे दात. "हिचे चांगले हैत ना, मॅडम?"

मी तिला खरं ते सांगितलं. हे दुधाचे दात, हे पडणार. कायमचे आत्ता हिरडीच्या आत घडतायत. काही घडून झाले असतील, बरेच अजून व्हायचेत. ते कसे येणार हे आत्ताचं पाणी ठरवतं.

"मंग आत्तापासून चांगलं पानी पेली तर?"

"तर पुष्कळ वाचतील."

तिनं सवयीनं तोंडावर हात नेला. मग काढला. इतकी वर्षं हे काम मला का करावंसं वाटतं, त्याचं उत्तर तेवढं एकच आहे.

* * *

दुसऱ्या दिवसापासून जीपमध्ये पाण्याचा कॅन आला. हायवेवर चांगलं पाणी विकत मिळतं. वडिलांनी येताना रोज भरून आणायचा, असा अर्चनाचा हुकूम. एका माणसाच्या जागेत कॅन बसतो, म्हणून वडील कुरकुरले. सवारीही कुरकुरली. "लेकरू पानी पिऊन राह्यलं का दूध?" असंही कोणी विचारलं. तरी कॅन येत राहिला. चिमीचा पेला वेगळा, चिमीची बाटली वेगळी.

एकदा तपासायला आली तेव्हा अर्चना रागानं धुमसत होती. विचारलं तर म्हणाली, "आज्जीनं सगळं पानी संपवलं. पाव्हने आल्ते."

"प्यायले सगळं?"

"न्हाई. चहा केला. आज्जी म्हनती, ह्या पान्याचा चहा लई चांगला व्हतो. पाव्हन्याला काय खारं पानी द्यावं का म्हनती."

"आणि चिमी?"

"चिमी घरचीच है म्हनली."

मला आधी हसू आलं, मग आलं नाही. आपल्याकडे चांगलं ते पाहुण्याला, उरलं तर घरच्याला. ही रीत मीही मोडलेली नाही, घरातली बशीसुद्धा पाहुण्यांसाठीच ठेवलेली असते. पण बशी वेगळी आणि हे वेगळं.

सोयाबीन निघालं, सवारी वाढली, कॅनची जागा पोत्यांनी घेतली. वडील म्हणाले, हंगाम उरकू दे. चिमी पुन्हा बोअरवर आली. अर्चनानं मला विचारलं, "मॅडम, हंगामात दात घडायचे थांबतेत का?"

* * *

त्या गावात पाण्याच्या फिल्टरची खोली आहे बरं का. फीत कापलेली, भिंतीवर नावं रंगवलेली. आत मशीन नाही. मशीन मंजूर व्हायचं तर तपासणी हवी. वरून टीम येणार, शाळेतल्या लेकरांचे दात बघणार, पाण्याचा नमुना नेणार, मग ठरणार. तोवर खोलीत सरपंचांचा कडबा.

हे मला खुद्द सरपंचांनीच सांगितलं. ते दात दाखवायला आले होते. वाढदिवसाचा बॅनर लावायचा होता.

"फोटूवाला कॉम्पुटरवर पांढरे करून देतो ओ," ते म्हणाले, "पर मंग लोक समोर भेटले की वळखतच न्हाईत."

"किती दात करायचे?"

"वरचे सहा. खालचे बॅनरवर दिसत न्हाईत."

वरचे सहा केले. काम करता करता मी पाण्याचं काढलं. तोंडातला पडदा निघेपर्यंत ते डोळ्यांनीच "हो हो" करत होते. पडदा निघाला तसे म्हणाले, "आमच्या घरी तर जार येतो, मॅडम. बोअरचं पानी आता निस्तं जनावराला आन्..." इथं ते थांबले.

"आणि?"

"आन् गावाला."

बॅनर चांगला झाला. शाळेच्या फाटकासमोरच लावलाय. त्याखालून लेकरं रोज तोंड मिटून जातात.

* * *

अर्चनाचे दात बघून शाळेचे हेडसर माझ्याकडे आले. साधा माणूस, शाळेवर जीव. "आजून धा-पाच लेकरांचं बघा," म्हणाले. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी अर्चनाच्या वर्गातल्या काही मुलामुलींचे पुढचे दात करून दिले. कोणी म्हणालं, पुण्य लागेल. मी म्हटलं, खुर्ची रिकामीच होती.

दिवाळीनंतर एक दिवस हेडसर पेढ्याचा बॉक्स घेऊन जिना चढून आले. चेहरा असा फुललेला, मला वाटलं दहावीचा निकाल लागला. पण निकालाचे दिवस नव्हते.

"मॅडम, टीम येऊन गेली. दाताची आन् पान्याची तपासनी. आपली शाळा एकदम क्लियर!"

मी विचारलं, क्लियर म्हणजे काय?

"एक बी लेकरू खराब निघालं न्हाई. तुमच्या कृपेनं. साहेब म्हनले, अशे दात तर शहरात न्हाईत."

हळूहळू सगळं बाहेर आलं. साहेब येणार म्हणून शाळा सारवली, रांगोळी काढली. साहेबांपुढे नेहमी बसवतात तशी चांगली, नीटनेटकी मुलं पुढच्या रांगेत बसवली. चांगली म्हणजे ज्यांचे दात मी केले होते ती. बाकीची मागे, आणि त्यांना ताकीद, "पाव्हन्यापुढं दात काढून हासू नका." साहेबांना घाई होती, आणखी गावं करायची होती. त्यांनी पुढच्या रांगेची तोंडं उघडून बघितली, कागदावर खुणा केल्या आणि उठले.

"आणि पाण्याचा नमुना?" मी विचारलं. "बोअरचा नेला ना?"

हेडसर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या संस्कारांवर बोट ठेवलं. "बोअरचं कसं देनार, मॅडम? ते खारं पानी पाव्हन्याच्या हातात द्यावं का? सकाळीच हायवेवरून जार आनला व्हता. त्यातलंच भरून दिलं, बाटली चांगली घासून."

"सर, ते पाणी प्यायला मागत नव्हते."

"तरी बी," ते म्हणाले. "शाळेची इज्जत है."

मग त्यांनी बॉक्स उघडून माझ्यापुढे धरला. तीस वर्षं तो माणूस तपासणीचा एकच अर्थ शिकला होता, की पास व्हायचं असतं. मशीन नापास झाल्यावर मिळणार होतं, हे त्याला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? तरी सांगितलं. त्यांचा हात तसाच राहिला. मंदाताईंनी त्यांना पाणी आणून दिलं. ते प्यायले आणि जिना उतरून गेले. बॉक्स टेबलावरच राहिला.

मला कोणाचा राग आला, ते आजही नीट सांगता येत नाही. हेडसरांचा नाही. साहेबांचा आला, सरपंचांचा आला. माझ्या त्या ट्यूबचाही आला. इतकं सुबक काम, कुठं काही कोरलं नाही, कुठं खूण राहिली नाही. गावाकडे दाखवायला तेवढीच एक खूण होती.

* * *

एवढ्यातच अर्चना येऊन गेली. आता बारावीला आहे, त्याच शाळेत. तोंडावर हात नव्हता. चिमी सोबत होती, पाच वर्षांची झालीय. खालचा दुधाचा एक दात हलतोय, तो ती जिभेनं हलवून सगळ्यांना दाखवत होती.

अर्चना खुर्चीत बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "हेडसरनी परत अर्ज केल्ता. दुसरे साहेब येनारेत. ह्या बारीला सर म्हनले, ज्याचे डाग हैत त्यांनाच पुढं बसवतो."

"मग चांगलं आहे की."

"चांगलं न्हाई, मॅडम. काल सरनी बसवून बघितलं. कोनीच तोंड उघडंना. पोरी ओढनी काढंनात, पोरं खाली मुंडी घालून बसले. एकजन रडला. सर हात जोडून राह्यले, तरी न्हाई. मला आता लाज वाटत न्हाई. मी उघडते तोंड. साहेब म्हनतील तेवढा येळ उघडं ठिवते."

चिमीनं दात हलवला आणि माझ्याकडे बघून हसली.

अर्चना म्हणाली, "म्हून विचारायला आले. माझे डाग परत लावून देता का?"